गोळ्या बंद करू नका, हे कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला डाळिंबाच्या रसावरचा लेख वाचून फार संताप आला. आम्ही सोलापूरचे. डाळिंबाचा अभिमान आम्हालाही आहे. पण त्यातली एलॅजिटॅनिन नावाची तुरट द्रव्ये रक्तात जाऊन साखर उतरवतात, हे लेखिकेने कशाच्या आधारावर लिहिले? हे मोठे रेणू जसेच्या तसे रक्तात जातच नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून युरोलिथिन नावाचे लहान रेणू बनवतात, आणि तेही सगळ्यांच्या पोटात होत नाही. स्पेनमधल्या मुर्सियाच्या संशोधकांनी यावरून माणसांचे तीन गट पाडले आहेत. तिसऱ्या गटात शेवटची युरोलिथिन तयारच होत नाहीत. सोयाबीनमधल्या डायझीन या द्रव्याचे तेच. त्याचे इक्वॉल हे दुसरे द्रव्य करणारे जिवाणू जपानमध्ये साधारण निम्म्या लोकांत सापडतात, पाश्चात्त्य देशांत त्याहून बऱ्याच कमी. मग ‘रोज एक पेला’ हा लेखातला सल्ला सरसकट कसा?

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी असाच एक लेख वाचून मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या आणि रस सुरू केला. तोही गाळून. १०० मिली रसात सुमारे १२ ग्रॅम साखर असते, हे त्या लेखात नव्हते. तुमच्याही लेखात नाही. पायाची जखम चिघळत गेली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. अजूनही त्या म्हणतात, “पेपरात आलं होतं गं.” शिकलेली, समंजस बाई. छापलेल्या शब्दावर तिने विश्वास ठेवला.

आतड्यातल्या या जिवाणूंना जगवतो तो चोथा, रस गाळताना फेकला जातो तोच. ज्वारीची भाकरी, मटकी, शेवग्याची भाजी यांतल्या तंतूंपासून ते ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर चालतात. यावर लेखात एक ओळ नाही. साध्या सर्दीला औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणून आपण हेच जिवाणू मारतो, त्यावरही नाही. विषाणूने झालेल्या सर्दीवर त्या गोळीचा काडीचा उपयोग नसतो.

आणि लेखाला लागूनच डाळिंबाच्या कॅप्सूलची पाव पान जाहिरात! ती पाहून वाचकाने काय समजायचे?

‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका’ एवढे वाक्य येत्या रविवारी त्याच पानावर, त्या जाहिरातीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सोलापूर