चिखल्या पक्षी यायच्या आधी चार दुर्बिणी हव्या आहेत

मालवण, कुडाळ, कणकवली आणि देवगडकडच्या समलिंगी बायका-पुरुषांचा आमचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एका रविवारी, पहाटे, आम्ही पक्षी बघायला जमतो. येत्या हंगामासाठी आम्हाला मदत हवी आहे.

पक्षीच का, ते आधी सांगतो. आपल्याकडे वाटेत भेटेल तो विचारतो, "कोणाचो रे तू?" आणि उत्तर ऐकून थेट आजोबांपर्यंत ओळख काढतो. ही माया आहे, आम्हीही तिच्यातच वाढलो. पण ज्याला स्वतःबद्दलची एक गोष्ट अजून घरीही सांगता आलेली नाही, त्याचा जीव या मायेत गुदमरतो. मुंबईत अनोळखी हॉटेलात बसून मनातलं बोलता येतं. इथे एसटी स्टँडवरचा चहावालासुद्धा मामाच्या वर्गातला निघतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. आमच्यातल्या काहींनी ती बातमी घरच्यांच्या शेजारी बसून, तोंडातून अवाक्षर न काढता पाहिली.

गळ्यात दुर्बीण असली की खाडीच्या बांधावर दोन-तीन तास उभं राहता येतं. कोणी विचारलंच तर "पाखरां बघतंव" म्हणायचं, आणि ती आम्ही खरोखरच बघत असतो. नजर समोरच्या चिखलावर असली की अवघड गोष्टही शेजारच्याला सांगून होते. आमच्यातल्या एकीने आपल्या मैत्रिणीबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते धामापूरच्या तलावाकाठी, धनेश उंबरावर उतरायची वाट बघताना. मध्येच धनेश आले. ती थांबली, आम्ही ते मोजले, वहीत लिहिले, मग तिने पुढचं सांगितलं. आता कधीकधी तिची आईही येते. भारद्वाजाला ती कुंभारकुकडा म्हणते आणि नुसत्या घुमण्यावरून तो कुठल्या झाडीत आहे ते दाखवते. ती आमच्यात येऊन उभी राहते, याचं मोल आम्हाला शब्दांत सांगता येणार नाही.

आता मदतीचं. आमच्याकडे दोनच दुर्बिणी आहेत, त्यातल्या एकीत पावसाळ्यात बुरशी धरली. लहान चिखल्या चाकरमान्यांसारख्या गणपतीच्या सुमाराला येऊ लागतात, हिमालय आणि मध्य आशियातली आपली विणीची ठिकाणं सोडून. कुरव त्यांच्यामागून, थंडीला. कालावलच्या खाडीत आम्ही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा रविवार धरतो. तेव्हा सकाळी पाणी ओसरलेलं असतं आणि मग दुपारपर्यंत चढत जातं, तसे पक्षी चिखलावरून आपोआप काठाकडे सरकतात. त्या पहिल्या तासात मात्र ते इतके लांब असतात की नुसत्या डोळ्यांना वाळूत हलणारे ठिपके दिसतात. दोन दुर्बिणींवर सगळ्यांनी आळीपाळीने बघायचं म्हटलं की निम्म्यांची पाळी येईपर्यंत थवा उडालेला असतो.

८ × ४२ च्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणाऱ्या आणि ४२ मिलिमीटर भिंगाच्या, चार दुर्बिणी मिळाल्या तर काम भागेल. आठपट पुरे. दहापट मोठं दाखवणारी होडीत हातात स्थिर राहत नाही. बऱ्यापैकी नवी दुर्बीण सात-आठ हजारांच्या पुढे जाते, म्हणून जुनीच द्या. मुंबईहून गणपतीला येणाऱ्यांनी घरचं कपाट एकदा उघडून बघावं. तिकाटण्यावरचा एखादा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे खूप लांबचं दाखवणारी एकनळी दुर्बीण, कोणी जानेवारीपुरता उसना दिला तर फार उपकार होतील. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. आपल्या खाडीची मोजणी नीट करून तिच्यात भर घालावी अशी आमची इच्छा आहे, आणि चिखल्यांच्या दोन जाती लांबून वेगळ्या ओळखायच्या तर स्कोपशिवाय इलाज नाही. तळाशीलची पोरं आम्ही आलो की भोवती गोळा होतात, त्यांनाही त्यातून दाखवू.

पैसे दिलेत तर ते होडीच्या भाड्याला आणि लांबून येणाऱ्यांच्या एसटीच्या तिकिटाला जातील. कणकवलीच्या आतल्या गावातून पहाटे खाडीवर पोचायला गाडीच नसते, त्यामुळे दोघा-तिघांना आदल्या रात्री मुक्काम करावा लागतो. कोणाच्या पडवीत चटई टाकायला जागा असेल, तर तीही आम्हाला पैशाइतकीच मोलाची आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गेल्या हंगामात एका फेरीतला फोटो कोणीतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि आमचा एक सोबती चार महिने आला नाही. तेव्हापासून आम्ही माणसांचे फोटो काढत नाही आणि याद्या फक्त पक्ष्यांच्या ठेवतो. मदत करणाऱ्यांनीही नावं विचारू नयेत. तुमचं नाव तुम्ही म्हणाल तरच सांगू. घरट्यांच्या बाबतीतही असंच आहे. समुद्रगरुड वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर काटक्या चढवत राहतो, म्हणून त्याचं झाड कुठलं ते आम्ही कोणाला सांगत नाही.

हे आवाहन ज्या माणसाने तुमच्या हातात दिलं, तो आम्हाला ओळखतो. वस्तू, पैसे किंवा निरोप त्याच्याकडेच द्या. तुमच्या घरातलं, वाडीतलं कोणी आमच्यासारखं असेल आणि एकटं पडलं असेल, तर त्याला किंवा तिलाही हा कागद वाचायला द्या. येताना दुर्बीण आणायची गरज नाही. पायात चिखलात चालेल असं काहीतरी घाला, आणि भरतीच्या आधी या.