इटलीतल्या तिघांत इटालियन एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतील लेखात मोन्ताल्बानो, ब्रुनेत्ती आणि झेन या तीन नायकांच्या कादंबऱ्यांना सरसकट ‘इटालियन गुप्तहेरकथा’ म्हटले आहे. एक तर हे गुप्तहेर नव्हेत, पगारी पोलीस अधिकारी आहेत. दुसरे म्हणजे, इटालियन वाचकांसाठी लिहिलेली मालिका यांत एकच, आन्द्रेआ कामिल्लेरी यांची मोन्ताल्बानोची. ब्रुनेत्तीच्या लेखिका डोना लिऑन अमेरिकी, झेनचे लेखक मायकेल डिबडिन ब्रिटिश. दोघांनीही इंग्रजीत लिहिले. लिऑन यांनी तर आपली पुस्तके इटालियनमध्ये येऊच दिली नाहीत.

हा फरक वाचताना पदोपदी जाणवतो. ब्रुनेत्तीच्या व्हेनिसमधले कालवे, बोटी, भरतीचे पाणी, सगळे परक्याला उमगेल अशा बेताने येते. कामिल्लेरी मात्र काही समजावत बसत नाहीत. त्यामुळे इंग्रजी अनुवादक स्टीफन सार्तारेल्ली यांना पुस्तकाच्या शेवटी टिपा द्याव्या लागल्या. त्या आधी वाचल्या तरी रहस्य फुटत नाही. निवेदनात इटालियन आणि सिसिली बेटावरची सिसिलियन या भाषा एकमेकांत मिसळलेल्या, आणि मोन्ताल्बानोच्या ठाण्यातला पोलीस शिपाई कातारेल्ला सरकारी शब्दांची पार वाट लावणारा. इंग्रजीत यातले बरेच सपाट होते. मराठीत कोणी आणणार असेल, तर त्याला ‘शवविच्छेदना’चे ‘शिवविच्छेदन’ करणारा हवालदार उभा करावा लागेल. शुद्ध मराठी बोलणारा कातारेल्ला काय कामाचा?

‘कुठूनही सुरुवात करा’ हा लेखातील सल्ला ब्रुनेत्तीपुरता ठीक आहे. तिथे त्याची मुलेही फारशी मोठी होत नाहीत. मोन्ताल्बानो मात्र पुस्तकागणिक म्हातारा होतो. ‘द शेप ऑफ वॉटर’ (1994) पासून पहिली चार पुस्तके तरी क्रमाने वाचावीत, कारण तिसऱ्या ‘द स्नॅक थीफ’मधल्या मुलाचा धागा पुढे चालतो. झेनच्या 11 कादंबऱ्यांत दर वेळी नवे गाव, म्हणून त्या सुट्या वाटतात; पण ‘ब्लड रेन’च्या आधी ‘अँड देन यू डाय’ उघडले, तर ‘ब्लड रेन’च्या शेवटातली सारी हवा निघून जाते.

एक गोंधळ मात्र तिन्हींत होतो: तपासाची सूत्रे नेमकी कोणाकडे? झेनची पहिली कादंबरी ‘रॅटकिंग’ 1988 ची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काळातली. नवी फौजदारी प्रक्रिया संहिता 1989 मध्ये लागू झाली, तपास स्वतः चालवणाऱ्या ‘तपास न्यायाधीशा’चे पद गेले आणि तपासाची दिशा सरकारी वकील ठरवू लागला. शिवाय काराबिनिएरी हे संरक्षण खात्याचे वेगळे पोलीस दल, गृह खात्याच्या पोलिसांशी त्यांची कायम चढाओढ. खात्याखात्यांतली ही रस्सीखेच डिबडिनइतकी कडवट कोणीच रंगवलेली नाही. लेखात झेनला जेमतेम दोन ओळी मिळाल्या, हे खटकले.

आपला,
एक वाचक, पुणे