रोजची फी भरून खेळता येईल असे गोल्फ हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी, गोल्फमधली बर्डी आणि बोगी यांतला फरकही ज्यांना ठाऊक नव्हता असे आमच्या सोसायटीतले कितीतरी लोक टीव्हीसमोर बसले होते, कारण बेंगळुरूची अदिती अशोक टोकियोत ऑलिम्पिक पदकासाठी खेळत होती. एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले. पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिम्पिकमध्ये खेळला होता. ज्या घरांत पूर्वी या खेळाचे नावही निघत नसे, तिथली मुले आता तो शिकण्याचा हट्ट धरतात, हे मी जवळून पाहतो आहे.

माझी अकरा वर्षांची भाची त्यांपैकीच एक. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागेवर, पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी तिच्या हातात सात नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याची काठी, दिली. टोपलीतले निम्मे चेंडू पायाशीच घरंगळले, कित्येकदा काठी नुसतीच मॅटवर आपटली, आणि मग एक चेंडू असा काही उचलला गेला की तो खाली पडेपर्यंत पोरगी श्वास रोखून उभी होती. रेंजची फी, शिकवणीचे पैसे आणि कोणीतरी वापरलेला काठ्यांचा अर्धा सेट हा खर्च आमच्यासारख्या नोकरदार कुटुंबाला जड गेला, तरी काटकसर करून आम्ही तो भागवला. खरी अडचण पुढे आली. प्रत्यक्ष मैदानावर खेळायचे म्हणून एका क्लबकडे चौकशी केली, तेव्हा सदस्यत्वाची यादी बंद असल्याचे कळले. पाहुणी म्हणून खेळायचे तर सोबत सदस्य हवा आणि दर सदस्याच्या कित्येक पट. एवढी ओळख आम्ही कुठून आणणार?

हा खेळ मुळातच श्रीमंतांचा, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते मला मान्य नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे गावाबाहेरच्या वाळूच्या माळावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेत नोंदलेला आहे. तिथले ओल्ड कोर्स हे जगप्रसिद्ध मैदान आजही सार्वजनिक आहे आणि रविवारी खेळ बंद ठेवून ते लोकांना फिरायला मोकळे सोडतात. आपल्याकडे मात्र १८२९ मध्ये कोलकात्यात क्लब निघाला तो साहेबांसाठी, आणि साहेब गेल्यावरही क्लबाचे कुंपण तसेच राहिले. त्या कुंपणाच्या आत सामान्य घरातली मुले शिरली ती कामाच्या निमित्ताने. १९९१ ची इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारे अली शेर दिल्लीत कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारे, होते. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकणारे एस. एस. पी. चौरसिया हे कोलकात्याच्या त्याच क्लबातील हिरवळ राखणाऱ्याचे चिरंजीव. दुसऱ्याची बॅग वाहून किंवा वडिलांच्या नोकरीमुळे ज्यांना खेळ पाहायला मिळाला त्यांनी एवढे करून दाखवले, तर ज्यांना तो कधी दिसलाच नाही त्यांच्यातले किती जण आपण गमावले असतील, या विचाराने मन अस्वस्थ होते.

सार्वजनिक मैदान आपल्याकडे होऊच शकत नाही, असेही नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाचे लाडो सराय येथील कुतुब गोल्फ कोर्स आहे, आणि आपल्या जवळ सिडकोने उभारलेले खारघरचे मैदान आहे. अशा मैदानांवर कामाच्या दिवशी दुपारनंतरचे काही तास शाळकरी मुलांसाठी अत्यल्प दरात राखून ठेवावेत, आणि अठराऐवजी नऊच होल (चेंडू घालवायचे खड्डे) खेळणाऱ्याकडून निम्मीच फी घ्यावी. अठरा होल खेळायला चार तास आणि वर लागतात. नोकरी करणाऱ्याला किंवा दहावीच्या विद्यार्थ्याला तेवढी सवड नसते.

जागेचा आणि पाण्याचा आक्षेप रास्त आहे. अठरा होलांच्या मैदानाला शे-सव्वाशे एकर जमीन लागते, आणि ज्या राज्यात उन्हाळ्यात गावोगावी टँकर फिरतात तिथे हिरवळीवर पिण्याचे पाणी ओतणे मला तरी पटणार नाही. म्हणूनच नवी मोठी मैदाने मागण्यापेक्षा महापालिकांनी आठ-दहा एकरांत रेंज आणि पटिंगची (चेंडू हलकेच खड्ड्यात ढकलण्याच्या सरावाची) हिरवळ करावी, ती सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या पाण्यावर राखावी आणि तिथे वापरायला काठ्या भाड्याने ठेवाव्यात, म्हणजे सेट विकत घेतल्याशिवायही मूल शिकू शकेल.

आपल्या दैनिकाने राज्यातील कोणत्या मैदानावर सदस्य नसलेल्याला, कोणत्या वेळी आणि किती पैशांत खेळता येते याची माहिती एकदा छापावी, ही विनंती. माझ्यासारख्या पालकांना आज ती फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारून गोळा करावी लागते.

आपला विश्वासू,
एक वाचक, पनवेल