अल्झायमरच्या बातमीत टाऊच्या गाठींचाही उल्लेख हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अल्झायमरवरील नव्या औषधांविषयी गेली दोन-तीन वर्षे वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात मेंदूत साचलेली अमायलॉइड या प्रथिनाची पुटे औषधाने निघून जातात, एवढेच ठळकपणे सांगितलेले असते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे ती माणसे ही बातमी कापून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारतात की हे औषध आमच्या आईला कधी देता येईल. माझ्या सासूबाईंना हा आजार अकरा वर्षे होता. त्या प्रश्नामागची आशा मी जवळून पाहिली आहे, आणि म्हणूनच बातमीत राहून जाणाऱ्या अर्ध्या भागाविषयी लिहीत आहे.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी जर्मनीतील ट्युबिंगेन येथे एका रुग्णाची हकीकत मांडली. ही बाई ५१व्या वर्षी फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली होती आणि पाच वर्षांतच वारली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना एक नव्हे, दोन विकृती आढळल्या होत्या. पेशींच्या बाहेर साचलेली पुटे ही पहिली. ती बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची असतात, हे पुढे अनेक दशकांनी कळले. दुसरी म्हणजे चेतापेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता. हे धागे टाऊ या प्रथिनाचे. निरोगी पेशीत टाऊ हा पेशीतील सूक्ष्म नळ्यांना आधार देतो आणि त्या नळ्यांवरून पेशीच्या लांब शेपटापर्यंत मालाची ने-आण चालते. टाऊला फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चिकटले की तो नळीवरून सुटतो, सुटलेले रेणू सुतळीला पीळ पडावा तसे एकमेकांभोवती पिळले जातात आणि त्यांची गाठ पेशीतच अडकून बसते.

या दोन विकृतींचे मार्ग वेगळे आहेत, आणि नेमके हेच वाचकांपर्यंत पोहोचत नाही. अमायलॉइड आधी मेंदूच्या बाहेरच्या सालीत साचू लागते, मग आतल्या भागांत उतरते आणि अखेरीस मेंदूच्या खोडापर्यंत व लहान मेंदूपर्यंत जाते. पहिला विसर लक्षात येण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे हे काम निमूटपणे चाललेले असते. गाठींची सुरुवात मात्र कानशिलाच्या आतल्या अंगाला, ताज्या आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या उंबऱ्यावर असलेल्या एका लहानशा पट्ट्यात होते. हाइको आणि एवा ब्राक या जर्मन शास्त्रज्ञ दांपत्याने शवविच्छेदनातून मिळालेले ८३ मेंदू तपासून १९९१ साली या प्रवासाचे सहा टप्पे मांडले. पहिल्या दोन टप्प्यांत गाठी त्या पट्ट्यातच असतात, पुढच्या दोहोंत हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग व्यापला जातो, आणि शेवटच्या दोहोंत भाषा, दिशा, हिशेब, विचार सांभाळणारी बाहेरची साल गाठींच्या तडाख्यात सापडते. हातापायांच्या हालचालींवर हुकमत ठेवणारा पट्टा सर्वांत शेवटी.

ही वाट मी आमच्या स्वयंपाकघरात पाहिली. सासूबाई आमटीत मीठ घालत, डबा जागेवर ठेवत आणि पाच मिनिटांनी पुन्हा तोच डबा काढत. आमटीची चव कशी असावी हे त्या विसरल्या नव्हत्या, माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या तेही त्यांना पाठ होते. पाच मिनिटांपूर्वी मीठ घातले, एवढी ताजी नोंद मात्र कुठे टिकतच नव्हती. आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी वय झाले म्हणून परत पाठवले, आणि आम्हीही समाधान मानून दोन वर्षे घालवली. नंतर त्यांना मंडईतून घरी येण्याचा रस्ता सापडेना, मग वस्तूंची नावे गेली, मग माझे नाव गेले. परंतु मटाराच्या शेंगा पुढे ठेवल्या की अगदी शेवटच्या वर्षापर्यंत त्यांचा अंगठा शेंगेची शीर बरोबर शोधत असे आणि दाणे एका बाजूला, टरफले दुसऱ्या बाजूला पडत. ब्राक यांचे टप्पे मी त्या गेल्यानंतर वाचले, तेव्हा जे काही आम्ही पाहिले होते त्याची संगती लागली.

रुग्णाची अवस्था पुटांपेक्षा गाठींच्या पसरण्याशी अधिक जुळते, याची सर्वांत बोलकी साक्ष कोलंबियातील अँटिओकिया प्रांतातून मिळाली आहे. तेथील एका विस्तारित कुळात एका जनुकीय दोषामुळे चाळिशीच्या मध्यावरच स्मरणशक्ती ढासळू लागते. त्यांच्या मेंदूत अमायलॉइड तिशीच्या आधीच साचू लागलेले असते. तोच दोष असलेली एक स्त्री मात्र सत्तरीपर्यंत शाबूत राहिली. २०१९ साली तिच्याविषयी जे प्रसिद्ध झाले त्यात असे दिसले की तिच्या मेंदूत अमायलॉइड भरपूर होते, पण टाऊच्या गाठी फारच थोड्या होत्या. तिच्यात आणखी एक दुर्मीळ जनुकीय फरक होता.

औषधांकडे पाहताना हे विसरून चालणार नाही. लेकॅनेमॅब या पुटांवरच्या नव्या औषधाच्या चाचणीत पुटे मोठ्या प्रमाणात निघाली, तरी १८ महिन्यांत घसरण थांबली नाही, ती २७ टक्क्यांनी मंदावली. काहींच्या मेंदूत सूज आली, सूक्ष्म रक्तस्राव झाला. डोनानेमॅब या तशाच दुसऱ्या औषधाच्या चाचणीत तर रुग्णांची टाऊच्या प्रमाणानुसारच विभागणी केलेली होती. टाऊ कमी किंवा मध्यम असलेल्यांमध्ये घसरण सुमारे ३५ टक्क्यांनी मंदावली. टाऊ जास्त असलेल्यांनाही हिशेबात धरले तेव्हा हा आकडा २२ टक्क्यांवर आला. दोन्ही औषधांच्या चाचण्या आजाराच्या सुरुवातीच्या रुग्णांवर झाल्या आहेत. ज्यांना घरचा रस्ता आणि घरच्यांची नावे आठवेनाशी झाली आहेत, त्यांच्यावर नव्हे.

आपणास विनंती अशी की यापुढे असे वृत्त छापताना ते औषध पुटांवर काम करते की गाठींवर, आणि कोणत्या अवस्थेतील रुग्णांवर तपासले गेले, एवढ्या दोन गोष्टी पहिल्या परिच्छेदातच द्याव्यात. तसेच, तोच प्रश्न दिवसातून चार वेळा विचारणाऱ्या माणसाला वय झाले म्हणून घरी न बसवता मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे, हेही त्याच बातमीत एका चौकटीत असावे. आम्ही वाया घालवलेली दोन वर्षे त्या सुरुवातीच्या अवस्थेतलीच होती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा