सुट्या डीव्हीडी भंगारात घालण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत दिवाळीच्या आवराआवरीवर लेख आला होता. लेख उपयोगी होता, पण एका परिच्छेदापाशी मी थबकले. ज्यांच्याकडे ॲनिमे मालिकांच्या सुट्या डीव्हीडी आहेत त्यांनी त्याच मालिकेचा आटोपशीर बॉक्स सेट, म्हणजे सगळे भाग एकाच खोक्यात, घ्यावा आणि सुट्या डब्या भंगारात घालाव्यात, निम्मी जागा वाचते, असा त्यात सल्ला होता. निम्मी जागा वाचते हे खरंच आहे. पण मी २०१० साली नेमकं हेच केलं आणि त्याची चुटपुट अजून गेलेली नाही. म्हणून हे पत्र.

मी शाळेत चित्रकला शिकवते. राहायला कोल्हापूरच्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. ॲनिमे म्हणजे जपानमध्ये तयार होणारं ॲनिमेशन. हा शब्द अनेक वाचकांना परका वाटेल, पण ज्या मोगलीसाठी आम्ही रविवारी सकाळी लवकर अंघोळी उरकून दूरदर्शनसमोर बसायचो, ती मालिकाही जपानीच. १९८९ साली तिथं ५२ भागांत सुरू झालेली. त्या वयात ते कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कळलं तेव्हा त्यातल्या झाडांच्या रंगकामाकडे मी नव्यानं बघायला लागले.

माझा धाकटा भाऊ २००३ साली नोकरीसाठी अमेरिकेला गेला. त्याला ॲनिमेचं वेड, आणि मला चित्रांचं. तिकडे तेव्हा मालिका एकदम मिळत नसे. दोनेक महिन्यांनी एक डीव्हीडी निघायची, तिच्यात तीन, चार, फार तर पाच भाग. किंमत साधारण तीस डॉलर. डॉलर तेव्हा पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे एका डबीला साडेतेराशे रुपये. कुणी गाववाला सुट्टीवर येणार असला की भाऊ त्याच्या बॅगेत एक-दोन डब्या कोंबायचा. सव्वीस भागांची एक मालिका सात डब्यांत पुरी व्हायला आम्हाला दोन वर्षं लागली. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले, एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. अमेरिकेच्या डिस्क रिजन एकच्या, आपला देश रिजन पाचमध्ये. राजारामपुरीतल्या दुकानदारानं रिमोटवर काही आकडे दाबून प्लेअर ऑल रिजन करून दिला, तेव्हा कुठं पडद्यावर चित्र दिसलं. जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं. माझ्या आईला दोन्ही भाषा येत नव्हत्या, तरी ती शेजारी बसून बघायची आणि कोण रागावलं, कोण खोटं बोलतंय हे अचूक सांगायची.

मग हळूहळू बॉक्स सेट निघायला लागले. "ताई, आख्खी मालिका चाळीस डॉलरमध्ये मिळतीय. ते सुटं सगळं काढून टाक आता, कपाट मोकळं होईल," असं भाऊ फोनवर म्हणाला आणि सेट पाठवूनही दिला. साध्या डबीची जाडी १४ मिलिमीटर, म्हणजे सात डब्यांना जवळजवळ दहा सेंटिमीटर जागा. नवीन खोका त्याच्या निम्म्याहून कमी. भाड्याचं घर, त्यात शाळेचे तक्ते, मुलांचे कागद, रंगांचे डबे. मला मोह झाला. सहा डब्या भंगारवाल्याच्या काट्यावर गेल्या. किलोभरही वजन भरलं नाही. त्यानं दहा रुपये हातावर ठेवले.

सातवी डबी, म्हणजे मालिकेतली पहिली, वाचली. ती वर्गातल्या एका मुलानं घरी नेली होती.

हा मुलगा नववीत होता, कुंभार गल्लीतल्या मूर्तिकाराच्या घरचा. महिन्यानं तो डबी परत द्यायला आला, सोबत चित्रकलेची वही. त्या डबीत आठ पानांची एक छोटी पुस्तिका होती. मी ती वरवर चाळली होती, कारण मजकूर थोडाच होता. पण तिच्यात पात्रांचे तक्ते होते. एकच मुलगी समोरून, बाजूनं, पाऊण वळलेली, पाठमोरी. कपाळापासून हनुवटीपर्यंत आडव्या रेषा, म्हणजे चारही चित्रांत डोळे एकाच पातळीवर राहतात. शंभर माणसं एकच पात्र काढणार असतील तर सगळ्यांचं पात्र एकसारखं दिसावं म्हणून हे तक्ते करतात. त्या मुलानं ते चारही तक्ते वहीत उतरवले होते आणि त्याच रेषांवर शेजारी गणपती बसवला होता. समोरून, बाजूनं, पाठीमागून. मला म्हणाला, "बाई, आमच्या आज्ज्याबी असंच करत्यात. मूर्ती पाटावर फिरवून बघत्यात, सोंड कुठनं कशी दिसतीय त्ये. पुढच्या डबीतली पुस्तिका द्या की."

पुढची डबी भंगारात गेली होती. नव्या खोक्यात पुस्तिका नव्हतीच. मी त्याला काय सांगितलं ते आता आठवत नाही. त्याचा उतरलेला चेहरा मात्र आठवतो.

संपादक महाशय, तुमच्या लेखात जागेचा हिशेब आहे, आत काय आहे याचा नाही. सुट्या डबीत पुष्कळदा पुस्तिका असते, कव्हरच्या मागच्या बाजूला दुसरं चित्र छापलेलं असतं, डिस्कवर श्रेयनामावलीची अक्षरं काढून टाकलेली सुरुवातीची चित्रफीत असते, कधी दिग्दर्शकाची मुलाखत. बॉक्स सेट काढताना खर्च वाचवायला कागद आधी जातो. चित्र शिकणाऱ्या मुलांसाठी तोच कागद सगळ्यात मोलाचा.

दुसरी गोष्ट चित्राच्या दर्जाची. इथं मला बॉक्स सेटवर अन्याय करायचा नाही. अनेक सेटमध्ये डिस्क त्याच असतात, फक्त १४ मिलिमीटरच्या डब्यांऐवजी ७ मिलिमीटरच्या पातळ डब्या एका पुठ्ठ्याच्या कव्हरात घातलेल्या असतात. असा सेट मिळाला तर खुशाल घ्यावा, पडद्यावर काहीच फरक पडत नाही. पण माझ्या खोक्यात सातच्या जागी चारच डिस्क निघाल्या. दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावतात. एक भाग चोवीस मिनिटांचा धरला तर चार भागांची दीड तासाच्या वर थोडी मिनिटं होतात आणि ती ऐसपैस बसतात. त्याच डिस्कवर सात भाग घातले की पावणेतीन तासांहून जास्त होतात, मग प्रत्येक चित्राच्या वाट्याला माहिती कमी येते. उजेडातल्या प्रसंगांत ते जाणवत नाही. रात्रीचं आकाश आलं की जाणवतं. जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, ओला असताना हात थांबला तर कागदावर पट्टे उमटतात ना, तसे निळ्याचे पट्टे पट्टे दिसतात. मी ते वर्षभर प्लेअरचा दोष समजत होते. वाचलेली पहिली डबी लावून तोच प्रसंग पाहिला, तेव्हा आकाश सलग दिसलं. म्हणून खोका किती लहान आहे हे बघायच्या आधी आत डिस्क किती आहेत ते मोजा. 'काऊबॉय बीबॉप' या मालिकेचे सव्वीस भाग अमेरिकेत आधी सहा सुट्या डिस्कवर आले होते. ज्या मालिकेच्या सुट्या डिस्क तितक्या आहेत, तिच्या खोक्यात त्याच्या निम्म्या निघाल्या तर काय झालं असेल हे विक्रेत्याला विचारायची गरज नाही.

आता मुलांना डिस्क घरी द्यायच्या असतील त्यांच्यासाठी. आमच्या चित्रकलेच्या वर्गात कपाटाच्या एका खणात मी माझ्या दुसऱ्या मालिकेच्या सुट्या डब्या ठेवल्या आहेत आणि खिळ्याला एक वही अडकवली आहे. नाव, इयत्ता, डबीचा क्रमांक, तारीख. सहा डब्या, म्हणजे एका वेळी सहा मुलं. पहिली डबी नेलेला ती परत देतो तेव्हा दुसरी डबी नेलेल्याला गाठतो, मधल्या सुट्टीत पुढं काय झालं यावर भांडणं होतात, "सांगू नको रे, सांगू नको" म्हणून कान झाकून धावणारी मुलं मी पाहिली आहेत. खोका असता तर एकच मूल सगळं घेऊन सुट्टीत आजोळी गेलं असतं. खोक्यातली एकच डिस्क कागदी पाकिटात घालून दिली तर ती ओरखडे पडून परत येते, हाही अनुभव घेतला आहे. सुटी डिस्क बिघडली तर चार भाग जातात, मालिका उरते.

डिस्क काढण्याची पद्धत मुलांना मी पहिल्याच दिवशी शिकवते. डबीच्या मध्ये जे दातेरी बोंड असतं ते अंगठ्यानं दाबायचं, डिस्क आपोआप वर उचलली जाते, मग तिची कड धरायची. बोंड न दाबता कडेनं ओढली तर डिस्क वाकते. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, आणि वाकवल्यावर पहिला तडा मधल्या भोकापाशी जातो. काही बॉक्स सेटमध्ये जागा वाचवायला डिस्क एकीवर एक सरकवून बसवतात. खालची हवी असेल तर वरची आधी काढावी लागते, आणि घाईत ती कुठंतरी उघडी ठेवली जाते. पुसायची ती मधून कडेकडे सरळ, गोल गोल फिरवून नाही, कारण वाचन गोल रेषेत चालतं आणि त्याच दिशेनं पडलेला ओरखडा जास्त नुकसान करतो.

आणि पूर. तो आमच्या भागात विसरून चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी तिथं ४३ फूट. आमच्या घरात चौथ्या दिवशी जाता आलं. खालच्या खणात बॉक्स सेट आणि काही सुट्या डब्या शेजारी शेजारी होत्या. खोका घडीच्या पुठ्ठ्याचा होता, पुस्तकासारखा उघडणारा. तो फुगून ओल्या पावासारखा झाला होता, पुठ्ठा हातात सुटा होत होता, चिखल डिस्कच्या मध्ये जाऊन घट्ट बसला होता. ओढताना एक डिस्क तडकली. सुट्या डब्या प्लॅस्टिकच्या. कव्हरचा कागद गेला, पुस्तिकांची पानं चिकटली, त्यातल्या दोन मी एकेक पान सोडवून वर्तमानपत्राच्या घड्यांत वाळवल्या. डिस्क नळाखाली धरल्या, भांड्याच्या साबणाचा फेस बोटानं लावला, मऊ सुती कापडानं टिपल्या. सगळ्या चालल्या. दोन वर्षांनी पुन्हा पूर आला, तेव्हा खण रिकामा होता. सगळं माडीवर हलवलं होतं.

आता मोबाइलवर सगळं दिसतं, मग डिस्क हव्यात कशाला, असं शाळेतलेच सहकारी विचारतात. मोबाइलवर आज आहे ते पुढच्या महिन्यात तिथं असेलच असं नसतं. ते कुणाच्या हक्कात आहे त्यावर ते ठरतं. आपल्या कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको. बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली याच गावात तयार झाला, आणि आज तो बघायचा म्हटलं तर बघायला मिळत नाही. त्याची छायाचित्रं छापलेली दिसतात तेव्हा मला दर वेळी वाटतं, कुणाच्या तरी माळ्यावर एखादा डबा राहिला असता तर.

तेव्हा माझी विनंती अशी. ज्यांना एकट्यानं बघायचं आहे आणि घर लहान आहे, त्यांनी डिस्कची संख्या तपासून बॉक्स सेट घ्यावा, त्यात काही गैर नाही. मी स्वतः आज एखादी मालिका नव्यानं घेतली तर पातळ डब्यांचाच सेट घेईन. पण सुट्या डब्या घरात असतील तर त्या काट्यावर ठेवू नका. आधी प्रत्येक डबी उघडा. पुस्तिका डाव्या बाजूच्या दोन चिमट्यांत अडकवलेली असते, पहिल्यांदा दिसत नाही. कव्हरचा कागद प्लॅस्टिकमधून हळूच ओढून त्याची मागची बाजू बघा. मालिका अपुरी असली, डिस्क खराब झाली असली, तरी ते कागद गल्लीतल्या शाळेच्या चित्रकलेच्या बाईंना किंवा सरांना नेऊन द्या. नववीतलं एखादं पोर त्यावरून काय काढील हे आपल्याला आधी कळत नाही.

तो मूर्तिकाराचा मुलगा आता घरची कार्यशाळा बघतो. जूनमध्ये मी तिकडून जात होते, तर भिंतीवर पिवळा पडलेला एक कागद खिळ्याला लावलेला दिसला. चार चित्रं आणि आडव्या रेषा. मला बघून तो मातीचे हात तसेच घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, बाकीच्या डब्या कुठं मिळाल्या तर सांगा."

आपली विश्वासू,
एक चित्रकला शिक्षिका,
शाहूपुरी, कोल्हापूर