वॉकओव्हर का दिला नाही

हर्णै,
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू तावातावाने बोललास आणि मध्येच रेंज गेली. तेव्हाच ठरवलं की हे सगळं तुला सविस्तर लिहायचं. तुझं म्हणणं माझ्या लक्षात आहे: समोर मुंबईचा जुना क्लब, त्यांच्यात राज्याकडून खेळलेली पोरं, आपला निम्मा संघ काल-परवापर्यंत कबड्डी खेळणारा. रग्बीच्या चषकाचा सामना असला म्हणून काय झालं, सरळ वॉकओव्हर द्या, न खेळताच सामना सोडा, पोरांची हाडं मोडून घेऊ नका. काळजीपोटी बोललास, ते मला कळतं. पण ऐक.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे तुला वेगळं सांगायला नको. बोटी वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. आपले खलाशी वर्षात याच दोन महिन्यांत संध्याकाळी हाताशी लागतात. म्हणून यंदाचा सगळा सराव पावसात झाला, ओहोटीची वेळ बघून, कर्द्याच्या किनाऱ्यावर. आपल्याकडे बाकी सगळी जमीन जांभ्याची, पडलं की गुडघ्याचं सालटं निघतं. ओल्या वाळूत पोरगं निर्धास्त पडतं, आणि निर्धास्त पडायला शिकल्याशिवाय रग्बी येत नाही. तिथे आम्ही पास कमी आणि टॅकल (बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) जास्त केले. त्यातही एकच गोष्ट घोटून घेतली: डोकं कुठे ठेवायचं. समोरच्याच्या मांडीला खांदा लावायचा, गाल त्याच्या बाजूला चिकटवायचा, डोकं त्याच्या पुढ्यात कधीच जाऊ द्यायचं नाही. हे अंगवळणी पडलंय याची खात्री झाल्याशिवाय मी कुणाचंही नाव यादीत घातलं नाही.

मैदान सड्यावरच्या शाळेचं मिळालं. पावसाने गवत माजलं होतं, ते कापून घेतलं. मग सगळ्यांनी ओळीने चालत दगड वेचले. खांब बांबूचे. दोन खांबांत ५.६ मीटर अंतर आणि आडवा बांबू ३ मीटरवर, टेपने मोजून बांधला. खांबांच्या बुडाला जुन्या गाद्या गुंडाळून सुतळीने आवळल्या. शाळेचे निवृत्त गुरुजी हे सगळं बघत उभे होते. म्हणाले, इंग्रजांचा खेळ इथे कशाला? त्यांना मी कलकत्त्याची गोष्ट सांगितली. तिथला रग्बी फुटबॉल क्लब बंद करायची वेळ आली, तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून १८७८ साली चषक घडवला आणि इंग्लंडला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्याच चषकासाठी खेळतात. त्याला नागाच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. गुरुजींनी पुन्हा विचारलं, "आपले रुपये?" आणि मग सामन्याला छत्री घेऊन पहिल्या रांगेत हजर!

आता सामना. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी आपल्याला धुऊन काढलं. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना धरून बॉलसाठी रेटतात तिथे, त्यांचे पुढचे आठ जण एका माणसासारखे पुढे येत होते, आपले पाय चिखलात नुसते घसरत होते. मध्यंतराला २४–३. चार ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की पाच गुण), त्यातल्या दोनांवर कन्व्हर्जन (ट्रायनंतर खांबांमधून मारायची किक, दोन गुण). आपले तीन गुण एका पेनल्टी किकचे, म्हणजे समोरच्यांनी नियम मोडल्यावर मिळालेल्या किकचे.

पण यात मला जे दिसलं ते तुला सांगायचंय. त्या चारपैकी तीन ट्राय आपण दिलेल्या पेनल्टीतून झाले, आणि पेनल्टी सगळ्या एकाच कारणाने. आपली पोरं माणसाला पाडत होती. अगदी स्वच्छ पाडत होती. कबड्डीतली कंबर पकड, पट काढणं, घोट्याला हात घालणं, सगळं जन्मापासूनचं असल्यासारखं. कबड्डीत पकडलेल्याला सोडायचं नसतं, तो मध्यरेषेला हात लावील. रग्बीत माणूस जमिनीवर आला की त्याच क्षणी सोडायचं, बाजूला व्हायचं, उठायचं आणि मगच बॉलला हात घालायचा. आपली पोरं सोडतच नव्हती. नाखव्याच्या धाकट्याने त्यांच्या सेंटरला असा घट्ट धरला होता की रेफरीला दोनदा शिट्टी वाजवावी लागली.

मध्यंतराला मी दुसरं काही बोललो नाही. टॅकल झाला की शेजारच्याने ओरडायचं, "सोड!" एवढंच. दुसऱ्या डावात पहिल्या टॅकलला शेजारचा ओरडला, दुसऱ्याला बाहेर बसलेले ओरडले, आणि थोड्या वेळाने कडेची सगळी बाजारपेठ, बायका, पोरंटोरं, गुरुजीसुद्धा एका सुरात "सोड, सोड!" ओरडायला लागले. पेनल्टी एकदम कमी झाल्या. आणि सोडून लगेच उठायला लागल्यावर आपली पोरं त्यांचे बॉल हिसकावू लागली. हरवायचं राहू दे, पण त्या राज्याच्या पोरांना आपण पहिल्यांदा मागे सरकवलं.

स्क्रमचंही असंच. रेफरी "क्राउच, बाइंड, सेट" म्हणतो, त्यानंतर जोर एका दमात लागला पाहिजे. आपला प्रत्येक जण आपापल्या परीने रेटत होता. मग आपल्या प्रॉपने (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला कडेचा गडी), तो मोठ्या बोटीवरचा खलाशी, सेट झाल्यावर होडी वर ओढताना देतात ती हाक द्यायला सुरुवात केली. आठही जणांचे पाय आपोआप रोवले गेले. त्याच स्क्रममधून बॉल निघाला, फ्लाय-हाफने आत घेतला आणि तो रिक्षावाला, आपला विंगर, कोपऱ्यात बॉल टेकवत पडला. कडेवरून कन्व्हर्जनही बसलं. २४–१०. दुसरा ट्राय त्यांच्या हातून सुटलेल्या बॉलवर. २४–१५. शेवटची आठ मिनिटं.

आता जे झालं त्यावर तुझं मत मला हवंय. त्यांच्या खांबासमोर, अगदी सरळ, आपल्याला पेनल्टी मिळाली. किक मारली असती तर २४–१८. मग एक ट्राय आणि कन्व्हर्जन, सामना आपला. कप्तानाने किक नाकारली, बॉल बाहेर मारून लाइनआउट घेतला, म्हणजे कडेवरून बॉल आत फेकून पुन्हा खेळ. नंतर मला म्हणाला, "काका, जपानने तेच केलं होतं." २०१५ च्या विश्वचषकातला ब्रायटनचा सामना त्याने मोबाइलवर शंभरदा बघितला असेल. २९–३२ ने मागे असताना जपानने बरोबरीची पेनल्टी किक सोडून स्क्रम मागितला आणि शेवटच्या ट्रायवर दक्षिण आफ्रिकेला ३४–३२ ने हरवलं. पण दोस्ता, जपानचा वेळ संपला होता. त्यांच्यासमोर बरोबरी किंवा विजय एवढेच दोन पर्याय होते. आपल्याकडे आठ मिनिटं होती. मी कप्तान असतो तर तीन गुण घेतले असते. हे त्याला मी सामन्यानंतर स्पष्ट सांगितलंय, मैदानात नाही. मैदानात निर्णय कप्तानाचा.

लाइनआउट जिंकला. मॉल, म्हणजे बॉलवाल्याला धरून उभ्याने रेटणारा घोळका, रेषेपलीकडे गेला, आपला माणूस बॉलसकट आडवा झाला, पण त्यांच्या दोघांनी खाली हात घालून बॉल जमिनीला लागूच दिला नाही. ट्राय नाही. त्यांनी रेषेवरून ड्रॉपआउट (बॉलचा टप्पा पाडून किक) मारला, आपण तो नीट गोळा केला नाही, आणि शेवटच्या मिनिटाला त्यांनी पाचवा ट्राय केला. २९–१५. हरलो. वाईट वाटलं, खूप वाटलं.

तुला ज्याची धास्ती होती ते सांगतो. हाड कुणाचं मोडलं नाही. प्रॉपचा खांदा दुखावलाय, आठवडाभर पट्टा आहे. आपल्या फुलबॅकचं डोकं पडताना जोरात आपटलं. तो उठला, हसला, "बराय" म्हणाला, पण रेषेपर्यंत चालताना पाय जरा वाकडा पडला. डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि संपलं. पाच मिनिटांनी तो म्हणायला लागला, आता मला सगळं आठवतंय, जाऊ द्या. बाई म्हणाल्या, डोक्याला मार लागल्याचा संशय आला की त्या दिवशी परत नाही. तो रडला. मीही त्याच्यासमोर उकिडवा बसून तेच सांगितलं. त्याच्याऐवजी कॉलेजच्या पहिल्या वर्षातला पोरगा आत गेला. या बाबतीत मी तुझ्याइतकाच कडक आहे, विश्वास ठेव. आणि एक बघ: खांद्याच्या वर हात गेल्याबद्दल आपल्याला अख्ख्या सामन्यात एकही दंड झाला नाही. कबड्डीवाला मुळातच खाली जातो. तू ज्यांना कच्चे म्हणालास त्यांचे टॅकल मुंबईवाल्यांपेक्षा सुरक्षित होते.

म्हणूनच मला वॉकओव्हर द्यायचा नव्हता. आपसात खेळून "सोड" कधी कळलं नसतं, कारण आपल्यातला प्रत्येक जण धरूनच ठेवतो आणि कुणाला काही खटकत नाही. ती खोड दाखवायला इतका चांगला संघच समोर लागतो. पुढच्या वर्षी चिठ्ठीत पुन्हा तेच आले तर मला आनंदच होईल.

सामना संपल्यावर त्यांनी दोन रांगा केल्या आणि आपल्या पोरांना मधून टाळ्यांत नेलं, मग आपण त्यांना. त्यांचा कप्तान नाखव्याच्या धाकट्याला शोधत आला आणि विचारलं, तू कुठे शिकलास? हा म्हणाला, शाळेच्या अंगणात. संध्याकाळी सगळे इथेच जेवले. ताजी मासळी कुठली मिळायला, म्हणून सोड्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. त्यांच्या एका लॉकने, स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतल्या गड्याने, किती भाकऱ्या खाल्ल्या ते आईला विचार, ती अजून सांगत असते.

बोटी आता गेल्यात. सराव फक्त रविवारी, तोही जे किनाऱ्यावर असतील त्यांचा. दोन कामं तुझ्याकडे. एक, तू पाठवलेल्या बॉलपैकी दोघांचे ब्लॅडर गेलेत, येताना पाच नंबरचे चार आण. दुसरं, तिथल्या तुझ्या क्लबच्या पुढच्या फळीच्या कोचला विचार, स्क्रम मशीनशिवाय पहिली रांग, म्हणजे दोन प्रॉप आणि मधला हूकर, कशी तयार करायची. त्याने सांगितलेलं व्हॉइस नोटने नको, नीट लिहून पाठव, मला पोरांसमोर वाचायचंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गणपतीला येतोयस ना? तिकीट काढलंस की कळव.

तुझा,
जुना हूकर