बिल कोल्हापूरचं, पत्ता निपाणीचा: भिंतीतल्या डायव्हर्टरची तक्रार

दि. 19 जानेवारी 2026
निपाणी, जि. बेळगाव

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
नळ, शॉवर व गिझर विभाग

विषय: वॉरंटीत असलेल्या डायव्हर्टरची दुरुस्ती नाकारल्याबद्दल आणि त्यामुळे आईचा हात भाजल्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

18 मार्च 2024 रोजी मी कोल्हापुरातल्या आपल्या अधिकृत शोरूममधून भिंतीत बसणारा डायव्हर्टर (गरम-गार पाणी मिसळून हव्या त्या शॉवरकडे वळवणारा नळ), वरचा मोठा शॉवर, हँड शॉवर आणि 25 लिटरचा गिझर असा पूर्ण संच घेतला. 2 एप्रिलला आपल्याच माणसानं तो बसवला. डायव्हर्टरच्या पितळी भागाला 7 वर्षं आणि आतल्या कार्ट्रिजला, म्हणजे हँडलनं फिरणाऱ्या सुट्या भागाला, 5 वर्षं वॉरंटी आहे, असं कार्डावर छापलेलं आहे. कार्डावर शोरूमचा शिक्का आहे.

हे न्हाणीघर आम्ही आईसाठी केलं. आई 76 वर्षांची आहे. आमच्या जुन्या न्हाणीत तांब्याचा बंब होता, त्यातून कढत पाणी काढून बादलीत विसण घालायचं तिला आता झेपत नव्हतं. स्टुलावर बसून हँड शॉवरनं आंघोळ करता यावी, एका हँडलवर गरम-गार जमावं, एवढंच आम्हाला हवं होतं. हे मी शोरूममध्ये पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

तिथल्या विक्रेत्यानं मला रंग विचारला, चकचकीत की काळा मॅट. टाकी किती उंचीवर आहे हे विचारलं नाही. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम चार मीटरवर आहे, म्हणजे 0.4 बार. एवढ्या दाबावर तो मोठा शॉवर नुसता ठिबकायचा, म्हणून बसवायला आलेल्या माणसानं वेगळा पंप घ्यायला लावला. तो खर्च मी सोसला, त्याबद्दल आज काही म्हणत नाही. पाण्याबद्दल मात्र मी स्वतःहून विचारलं होतं. "नगरपालिकेचं पाणी पुरत नाही, बोअरचं मिसळतो, चालेल ना?" त्यावर उत्तर मिळालं, "आत सिरॅमिक आहे, काही होत नाही."

नोव्हेंबर 2025 पासून हँडल घट्ट होऊ लागलं. बंद केलं तरी हँड शॉवर टिपकत राहायचा आणि गरम पाण्याची धार बारीक झाली. 8 डिसेंबरला मी आपल्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि तिथून जी टोलवाटोलवी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. माझा पिन 591237, म्हणून तक्रार बेळगावच्या सेवा केंद्राकडे गेली. बेळगावनं सांगितलं, बिलाचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो, माल महाराष्ट्रातला आहे, कोल्हापूरला बोला. कोल्हापूरनं सांगितलं, पत्ता कर्नाटकातला आहे, आमच्या हद्दीत येत नाही. कोल्हापूर इथून चाळीसेक किलोमीटर आहे. निपाणीची माणसं दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला, फरशीला नि नळाला पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरलाच जातात. आपल्या शोरूमला हे पक्कं ठाऊक आहे. माझं सामान त्यांच्याच टेम्पोनं घरपोच आलं, तेव्हा हद्दीचा प्रश्न कुणी काढला नाही.

तंत्रज्ञ यायला अठरा दिवस लागले. त्याआधीच, 21 डिसेंबरच्या सकाळी, आई आंघोळीला बसली होती. हँडल हलेना म्हणून तिनं जोर लावला आणि ते एकदम गरमच्या टोकाला सरकलं. तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. फोड आता सुकले आहेत. पण आई शॉवरखाली बसायला तयार नाही. ती पुन्हा बादली मागते, आणि बादली आम्हाला उचलून द्यावी लागते.

शेवटी 26 डिसेंबरला बेळगावहून तंत्रज्ञ आला. माणूस सरळ होता. तो कन्नड बोलत होता, आम्हीही कन्नडच बोललो, काही अडलं नाही. त्यानं आधी गिझर पाहिला. थर्मोस्टॅट 75 अंशांवर होता. आम्ही त्याला कधी हात लावलेला नाही, तो एप्रिल 2024 मध्ये तुमच्याच माणसानं तिथं लावून ठेवला होता. साठ अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजतं, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितका त्यातल्या चुन्याचा थर लवकर बसतो. ही गोष्ट मला तंत्रज्ञाकडून कळली. बसवताना सांगितली असती तर गिझर पन्नासवर ठेवला असता. टाकी गंजू नये म्हणून गिझरमध्ये असलेली मॅग्नेशियमची कांडी वरचेवर तपासायची असते, हेही त्याच दिवशी पहिल्यांदा कानावर पडलं.

मग त्यानं कार्ट्रिज काढलं. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, त्यांच्या भोकांत आणि कडांना पांढरा थर घट्ट बसला होता. त्यानं जॉबशीटवर इंग्रजीत लिहिलं की अयोग्य पाण्यामुळे बिघाड झाला आहे, वॉरंटी लागू नाही. शिवाय या मॉडेलचं कार्ट्रिज आता येत नाही, संपूर्ण बॉडी बदलावी लागेल, म्हणजे भिंत फोडावी लागेल, असं तो तोंडी म्हणाला. भेटीचे पैसेही घेतले.

माझी मुख्य हरकत याच शेऱ्याला आहे. अयोग्य म्हणजे किती? कार्डावर बारीक अक्षरांत तो शब्द आहे, आकडा कुठेच नाही. मी आमचं पाणी तपासून घेतलं. एकूण कठीणपणा, म्हणजे थर धरणाऱ्या क्षारांचं प्रमाण, लिटरला 410 मिलिग्रॅम आला. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस 10500, त्यात 200 पर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालेल असं म्हटलं आहे. त्या मानकानं नाइलाजाला प्यायला चालणारं पाणी तुमच्या नळातून वाहायला अयोग्य ठरत असेल, तर ते विकण्याआधी सांगायला हवं होतं. मी विचारलं होतं, आणि मला "काही होत नाही" असं सांगण्यात आलं. सांगितलं असतं तर गिझरच्या आधी पाण्याचा कठीणपणा कमी करणारा सॉफ्टनर बसवला असता, नाहीतर बाहेरून बसणारा साधा मिक्सर घेतला असता. तो बिघडला तर आमच्या गल्लीतला फिटरसुद्धा अर्ध्या तासात बदलतो. जी वस्तू भिंतीत गाडायची, तिचा सुटा भाग दोन वर्षांतच मिळेनासा होतो, आणि कार्डावर पाच वर्षं छापलेली असतात, हे मला अजिबात पटत नाही.

माझं मागणं असं आहे. त्या मॉडेलचं कार्ट्रिज आपल्या कुठल्याही गोदामात असेल तर ते आणून विनामूल्य बसवा, माझी तक्रार तिथं मिटेल. नसेल तर बॉडी बदलून द्या, आणि टाईल फोडणं, गवंड्याची मजुरी, त्याच रंगाच्या टाईल्स हा सगळा खर्च आपण करा. भेटीचे घेतलेले पैसे परत करा. आईच्या औषधपाण्याची बिलं जोडली आहेत, तेवढीच रक्कम मागतो, जास्त नाही. आणि निपाणीची तक्रार कोणतं केंद्र घेणार हे एकदा लेखी ठरवा. आमच्याच वेटाळात आपला माल घेतलेली आणखी तीन घरं आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, बिल कुठल्या राज्यातलं आहे हे तिथं आडवं येत नाही. मला तिथं जायची हौस नाही. मला न्हाणीघर दुरुस्त करून हवं आहे.

काढलेलं जुनं कार्ट्रिज आणि पाण्याचा अहवाल मी जपून ठेवला आहे, कधीही दाखवीन. माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा, आणि सकाळी दहानंतर पाठवा. त्याआधी आईची आंघोळ असते.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पूर्ण पत्ता व दूरध्वनी सोबतच्या बिलावर आहेत)

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, पाणी तपासणीचा अहवाल, डॉक्टरांचा कागद व औषधांची बिलं यांच्या प्रती